आवडानं मोडलेला नवस

कुसर्डे गावाच्या वरच्या अंगाला एक काळा कातळ आहे. काळा नुसता म्हणायला. अंगावर बोटभर जाडीचं मऊ शेवाळ असल्यामुळे दगड कुठं दिसतच नाही. हा कातळ म्हणजेच गावाची देवी झराई. त्यातून ठिबकणारं पाणी पायथ्याच्या कुंडात साठतं आणि गाव तेच पितं. शाळेची मुलं सहलीला आली की लखू गुरव आधी दटावतो, "हात लावा, पन नख लावू नका." आणि मग सांगायला बसतो.

फार पूर्वी इथं आवडा नावाची बाई होती म्हणे. भांडं घासावं तर तिनंच. तिच्या हंड्यात तोंड बघून बायका कुंकू लावत. तिची एकुलती लेक भागी तापानं फणफणली. झाडपाला झाला, अंगारे झाले, ताप काही हटेना. तेव्हा जे आपल्याला उत्तम येतं तेच आवडा देवीला बोलली, "आई, पोर वाचीव. तुझ्या अंगावरचं शेवाळ घासून काढीन, जन्मभर तुला लख्ख ठेवीन."

भागी उठली. आवडा काथ्या आणि राख घेऊन कातळावर चढली. देवीला इतकी वर्षं कुणी न्हाऊ घातलं नाही याची गावाला लाजच वाटली. सगळ्या बायका मदतीला धावल्या आणि कातळ उघडाबोडका झाला.

पुढचा पाऊस त्यावरून सरळ घरंगळून गेला. शेवाळाला इतर झाडांसारखी मुळं नसतात. ते अंगानंच पाणी पितं, धरून ठेवतं, थेंबथेंब सोडतं. कातळावरची मातीही तेच आवळून धरतं. हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. माती वाहून कुंडात बसली आणि शिमग्यालाच ठिबक थांबली. बायका दरीत उतरून पाणी आणू लागल्या. गाव उठवायच्या गोष्टी सुरू झाल्या.

त्या वेळचा गुरव म्हणाला, "आवडे, आईची गोधडी काढलीस तू. ती परत घालाया पायजे."

आवडा तशीच घरी पळाली. शेवाळ आलं की नवस मोडला, आणि नवस मोडला की भागी गेली! खेळणाऱ्या पोरीला पोटाशी धरून ती ढसाढसा रडली. तेवढ्यात शेजारची पोटुशी बाई हंडा घेऊन धापा टाकत दरीतून वर आली. आवडा उठली, कातळापुढं उभी राहिली. "आई, बोल माझा हुता, मोडते बी मीच. घ्यायचं ते माझं घे. पोरीला हात लावू नगं."

रानातल्या सावलीच्या दगडांवरून तिनं थोडंथोडं शेवाळ आणलं, जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी कातळाच्या फटींवर बांधलं. उन्हानं ते करपून तपकिरी झालं. गाव म्हणालं, मेलं. तरी आपल्या वाट्याचं पाणी आवडा त्यावर शिंपडत राहिली. एकदा पाणी पडताच ते हळूहळू हिरवं होताना भागीनं पाहिलं. "आये, ह्ये मेलं न्हाई. तहानलंय!"

बऱ्याच पावसाळ्यांनी कातळ पुन्हा पांघरला गेला, कुंड भरलं. देवीनं काहीच नेलं नाही. भागीचं लग्न झालं, तिला लेकरं झाली. पण तिला साधी शिंक आली तरी आवडाचा जीव खालीवर व्हायचा. मरेपर्यंत ती धास्ती काही सुटली नाही, असं सांगतात.

आजही कुसर्ड्यात पोर आजारातून उठलं की त्याची आई कातळापाशी येते. नवस फेडायला नव्हे. तांब्याभर पाणी शेवाळावर शिंपडते आणि मोठ्यानं सांगते, "आवडे, तुझी भागी बरी हाय गं."