पाटलाने गिळलेला महिना

मंडळी, गोष्टीआधी एक विचारतो. बाजारात दोन दुकानं शेजारी शेजारी आहेत. पहिला दुकानदार देवाची शपथ घेऊन सांगतो, "माझा तराजू अगदी खरा!" दुसरा काहीच बोलत नाही. तो डाव्या पारड्यातली साखर उजव्यात घालतो, उजव्यातलं वजन डाव्यात ठेवतो आणि म्हणतो, "आता बघा." तुम्ही भरवसा कुणावर ठेवाल? उत्तराची घाई नाही. गोष्ट ऐका, मग सांगा.

फार फार पूर्वी, जेव्हा गलबतं वाऱ्यावरच चालत, तेव्हा समुद्राकाठी एक लहानसं बंदर होतं. बंदराचा एक पाटील होता. त्याच्याकडे होड्या होत्या, सुक्या मासळीची लांबलचक वखार होती, नारळाची बाग होती. आणि पाच मुली होत्या. पाचही जणी त्याच गावात दिलेल्या, त्यामुळे पाचही जावई उठता बसता नजरेसमोर. पाचही होडीवर जाणारे, पाचांनाही भूक दांडगी.

पाटील तसा वाईट नव्हता हो, पण चिक्कू होता. पाहुण्याला पाणी देताना तांब्या अर्धाच भरायचा. म्हणायचा, "जास्त प्यायलात तर जेवण जाणार नाही," आणि जेवायला तर बोलावलेलंच नसायचं!

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. साधारण दर तिसऱ्या वर्षी पंचांगात एक जास्तीचा महिना येतो. कुणी त्याला अधिक महिना म्हणतं, कुणी धोंड्याचा महिना. त्या महिन्यात लेकी-जावयांना घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून वाढायचे आणि वर जावयाच्या हातावर तेहतीस अनारसे ठेवायचे. पाटलाच्या घरी पाच जावई, जावयांबरोबर त्यांचे भाऊ, भावांबरोबर त्यांचे दोस्त. पाटलीणबाईंना कोण आनंद! पाटील मात्र महिनाभर अनारसे मोजत बसायचा.

अशाच एका तिसऱ्या वर्षी पाटील गावच्या जोशांकडे गेला. पंचांग वाचून सणवार सांगायचं काम जोशांचं. बंदरात दुसरा कुणी पंचांग जाणणारा नव्हता.

"जोशीबुवा," पाटील ओटीवर बसत म्हणाला, "यंदा तो धोंडा नाही सांगितला तर आभाळ कोसळेल का?"

"कोसळणार नाही," जोशी म्हणाले. "पण सरकेल."

"सरकू द्या की थोडं. आभाळाला जागा काय कमी आहे?" मग पाटील आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचं घर माझ्या बागेत आहे. नारळ माझे, सावली माझी. मी कधी काही बोललो का?"

न बोलताही तो सगळं बोलला होता. जोशांनी अंगणातल्या माडांकडे पाहिलं, मग स्वतःच्या घराच्या छपराकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाटलीणबाईंनी हौसेने विचारलं, "बुवा, धोंड्याचा महिना कधी लागतो यंदा?" जोशी जमिनीकडे बघत म्हणाले, "यंदा नाही, वहिनी."

पुढच्या तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच झालं. एकदा गिळलेली गोष्ट दुसऱ्यांदा सहज उतरते.

मग गावात गमती सुरू झाल्या. दिवाळीत पणत्या लावाव्या तर पावसाने विझायला लागल्या. होळीला एवढी थंडी, की बोंब मारायला कुणाचं तोंड उघडेना. सगळे जाळाला चिकटून बसले. लोक म्हणायचे, "काळ बदलला." पाटील म्हणायचा, "कलियुग, दुसरं काय!" आणि जोशी पंचांग मिटून घरात जायचे.

गंमत होती तोवर ठीक होतं. पण बंदराचा एक पक्का नियम होता: पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढायच्या, आणि श्रावणात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच पाण्यात लोटायच्या. पंचांग पुढे पळत होतं, म्हणून होड्या भर उन्हाळ्यातच वाळूवर आल्या. मासळीचे ऐन दिवस बसून गेले, वखार रिकामी झाली, चुली अर्ध्या पेटू लागल्या. पंचांगात आषाढ संपला तरी पावसाचा थेंब नाही. दर्या मात्र तळ्यासारखा शांत.

"पाऊस रुसला तर रुसला," पाटलाचा थोरला जावई पोशा, होडीचा तांडेल म्हणजे म्होरक्या, म्हणाला. "दर्या तर बोलावतोय ना! पौर्णिमा झाली की आपली होडी पहिली." बाकी चार जावई त्याच्याच होडीवर जाणार होते.

ते जोशांच्या कानावर आलं तेव्हा ते जेवायला बसले होते. पौर्णिमा आठवड्यावर आली होती. ते तसेच ताटावरून उठले आणि किनाऱ्यावर आले. होड्यांना तेल लावणं चाललं होतं.

"होड्या लोटू नका," जोशी म्हणाले. "पंचांगात श्रावण आहे, पण आभाळात अजून ज्येष्ठ आहे. पावसाळा संपलेला नाही, तो अजून यायचाय. चार-आठ दिवसांत वादळवारा सुटेल."

पोशा हसला. "मग एवढी वर्षं आम्हाला काय वाचून दाखवलंत, बुवा?"

"खोटं वाचून दाखवलं. दोन धोंड्याचे महिने मी गाळले."

सगळे हात थांबले. पाटील घाईघाईने पुढे आला. "म्हातारा भ्रमलाय! उन्हात उभं करू नका त्याला." त्याच्या नावाचा उच्चार जोशांनी केला नव्हता, पण पाटलाला घाम फुटला होता.

"तेव्हा खोटं बोललात म्हणता," पोशा म्हणाला, "मग आज खरं बोलताय हे कशावरून? घरात पोरं उपाशी आहेत, बुवा. तुमच्या शब्दावर मी त्यांना आणखी दोन महिने उपाशी ठेवू?"

"माझ्या शब्दावर ठेवू नकोस," जोशी म्हणाले. "मी तो गमावलाय. मला सांग, तिन्हीसांजेला पश्चिमेला शुक्राची चांदणी दिसायची, ती कुठे गेली?"

दर्यावरच्या माणसाला हे विचारावं लागत नाही. "रोज खाली खाली येत होती," पोशा म्हणाला. "आता दिसत नाही."

"ती आपल्या आणि सूर्याच्या मधोमध येतेय. परवा मावळतीच्या आधी सूर्याच्या तोंडावर काळा ठिपका दिसेल. ज्या गणिताने तो ठिपका सांगतोय, त्याच गणिताने सांगतोय की हा ज्येष्ठ आहे. ठिपका दिसला तर होड्या वाळूवर ठेवा. नाही दिसला तर तुमच्या पहिल्या होडीत मी बसतो."

जोशांना पोहता येत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपार कलली तशी सगळी वस्ती वखारीत जमली. वखार पूर्व-पश्चिम लांब, खिडकी एक नाही, सुक्या बोंबलाचा वास भिंतीत मुरलेला. जोशांनी पश्चिमेच्या दारात वाटाण्याएवढं भोक पाडलं होतं आणि समोरच्या टोकाची भिंत चुन्याने पांढरी केली होती. "सूर्याकडे कुणी पाहायचं नाही. डोळे जातील. पाहायचं ते भिंतीवर," त्यांनी बजावलं.

सूर्य खाली यायला वेळ होता. पोशाने विचारलं, "बुवा, सूर्यावरच्या ठिपक्याचा आणि आमच्या नारळी पौर्णिमेचा संबंध काय?"

जोशांनी मध्यभागी एक दिवा ठेवला. "हा सूर्य," ते म्हणाले, आणि पाटलाच्या धाकट्या लेकीच्या, चांगुणाच्या, हातात शेंडीचा नारळ दिला. "ही आपली पृथ्वी. शेंडीकडच्या अंगाला आपण राहतो. शेंडी जरा त्या जाळ्यांच्या ढिगाकडे कललेली धर, आणि तशीच ठेवून दिव्याभोवती फिर. काही झालं तरी शेंडीची दिशा बदलू नकोस, बायो."

चांगुणा फिरू लागली. एका बाजूला आली तेव्हा शेंडी दिव्याकडे झुकली होती. समोरच्या बाजूला पोचली तर तीच शेंडी दिव्यापासून लांब गेलेली.

"शेंडी दिव्याकडे, तो आपला उन्हाळा. शेंडी लांब, ती थंडी. उन्हाळ्यात जमीन तापते, दर्यावरचा ओला वारा ओढून घेते, मग पाऊस. हे सगळं नारळाच्या फेरीवर ठरतं. आता चंद्र हवा." जोशांनी चांगुणाच्या नवऱ्याला उभं केलं. "हिच्याभोवती फिर. तुझी एक फेरी म्हणजे एक महिना."

तो बायकोभोवती पळू लागला.

"त्याला शिकवायला नको, बुवा! रोजचंच काम आहे त्याचं!" मागून कुणी तरी ओरडलं आणि वखार हसून हलली.

बिचाऱ्याच्या बारा फेऱ्या झाल्या, तो धापा टाकत थांबला. पण चांगुणा निघाली होती तिथे अजून पोचलेली नव्हती. थोडंसं अंतर राहिलं होतं.

"हे बघा," जोशी म्हणाले. "चंद्राची बारा महिन्यांची मोजणी संपली, पण नारळाचं वर्ष संपलं नाही. दर वर्षी एवढंसं अंतर राहतं. तिसऱ्या वर्षी ते महिन्याएवढं होतं, म्हणून आपण एक जास्तीचा महिना घालतो आणि दोघांना पुन्हा जुळवून घेतो. तो महिना गाळला तर पंचांग एकटंच पुढे पळतं. पाऊस काही पंचांग वाचत नाही. तो नारळाकडे बघून येतो."

पाटलीणबाई पुढे सरकल्या. त्या म्हणाल्या, "आणि चांदणी?"

जोशांनी त्यांच्या हातात लिंबू दिलं. "वहिनी, तुम्ही शुक्र. तुमचं रिंगण आतलं, म्हणून तुम्ही झपाझप चाला. लिंबू जरा वरखाली होऊ द्या, कारण ते रिंगण थोडं तिरकं आहे."

पाटलीणबाई पदर खोचून आतून चालू लागल्या. दोनदा त्यांनी लेकीला गाठलं. एकदा लिंबू दिव्याच्या वरून गेलं, एकदा खालून. तिसऱ्यांदा नेमकं समोरून. चांगुणा एकदम म्हणाली, "आई गं! दिव्याला तीट लागली!"

"तीच तीट आज सूर्याला," जोशी म्हणाले आणि त्यांनी फुंकर मारून दिवा विझवला.

दार बंद झालं. भोकातून उजेडाची एक काठी आत शिरली आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर परातीएवढा सूर्य उमटला. गोल, फिकट, जरासा थरथरता. सगळे श्वास रोखून पाहू लागले.

परात कोरी होती.

"ठिपका कुठाय?" पाटील म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटका होती. तेवढ्यात परातही विझली. बाहेर ढग आला होता. काळोखात कुजबुज सुरू झाली. पोशाने जोशांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बुवा, बसायचं ना मग पहिल्या होडीत?"

"कोरी नव्हती," जोशी म्हणाले, "डोळे अंधाराला सरावले नव्हते. थांब."

थांबले. किती वेळ कोण जाणे. मग ढगाच्या खालच्या काठातून सूर्य निसटला, उजेडाची काठी पुन्हा आत आली, परात उजळली. आणि तिच्या एका कडेला, मसुराच्या दाण्याएवढा, पुसट काळा ठिपका. चांगुणाने पुढे होऊन भिंत पदराने पुसून पाहिली. ठिपका तिच्या पदरावर आला. पुसला गेला नाही.

पाटलीणबाईंनी हळूच वळून नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा संसार. त्यांना विचारावं लागलं नाही.

पाटील भिंतीजवळ गेला. मग जावयांकडे वळला. पाचही जण एका ओळीत उभे होते. "मीच सांगितलं होतं बुवांना," तो म्हणाला. "अनारसे वाचवायला. पोशा... होडी मागे ओढ रे."

होड्या वाळूवर आणखी वर, माडांपर्यंत ओढल्या गेल्या. पाटलाने स्वतःच्या कोठारातलं भात काढलं आणि घरोघर पोचवलं, मापं भरून, न मागता. आणि ज्या दिवशी महिने गाळलेल्या पंचांगाप्रमाणे नारळी पौर्णिमा होती, त्या दिवशी सकाळी दर्या काळा पडला, दुपारी वारा फिरला, आणि संध्याकाळी लाटा वाळू ओलांडून होड्यांच्या आधीच्या जागेपर्यंत आल्या. जिथे पहिली होडी उभी राहणार होती तिथला खुंटही उरला नाही. चांगुणा दारात उभी राहून ते पाहत होती. तिचा नवरा तिच्या मागे उभा होता. ती सारखी मागे वळून तो आहे ना, ते बघत होती.

आता राहिले ते दोन महिने. पंचांग जुळवायचं तर गिळलेले दोन्ही महिने परत घालायला हवे होते, आणि तेही लागोपाठ. बाहेर धो धो पाऊस, दर्या बंद, जावयांना काम नाही. पाचही जण भावांसकट, दोस्तांसकट सासऱ्याच्या घरी येऊन बसले. दोन महिने पाटलाच्या घरी अनारशांच्या तुपाचा वास हटला नाही. पोशा मुद्दाम विचारायचा, "मामा, यंदा तिसराही धोंडा आहे का?" पाटील कपाळावर हात मारायचा, पण वाढायला स्वतः उठायचा. तांब्या आता काठोकाठ भरायचा.

जोशांना लोकांनी माफ केलं का? केलं, पण पुन्हा एका तोंडावर काम सोपवलं नाही. हे जोशांनीच सुचवलं. वखारीच्या दारातलं भोक तसंच ठेवलं. मावळत्या सूर्याचा गोल वर्षभर भिंतीवर थोडाथोडा सरकत जाई, एका टोकाला पोचून परत फिरे. त्याच्या खुणा चुन्यावर करून ठेवल्या. कुणीही यावं, बघावं, आणि पंचांगाशी ताडून घ्यावं. जोशी दारात उभे राहून म्हणायचे, "माझं ऐकू नका. भिंत बघा."

तर मंडळी, सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आता तुम्हीच द्या. पारडी बदलून दाखवणाऱ्याच्या दुकानात गर्दी का असते, ते कळलं ना?

तात्पर्य: आपल्या सोयीसाठी मोजणी बदलली तरी आभाळ बदलत नाही, आणि भरवसा त्याच्यावरच ठेवावा जो आपलं म्हणणं पडताळून पाहायला देतो. म्हणून हात जोडून एकच मागणं आहे: हिशोब दिवसांचा असो की धान्याचा, खरा ठेवा, आणि कुणी बघायला मागितला तर दार उघडून दाखवा.