हत्तीच्या पायी हेड गॅस्केट

ऐन दसऱ्याच्या मिरवणुकीत चिंचसुरे संस्थानच्या महाराजांची मोटार वाफा सोडत बंद पडली. इंजिनातलं हेड गॅस्केट फाटलं होतं. महाराजांनी भर दरबारात त्या पातळ पत्र्याला हत्तीच्या पायी देण्याची शिक्षा फर्मावली, आणि सोबत मोटार सांभाळणाऱ्या दस्तगीर मिस्त्रीलाही.

मिस्त्रीने घाम पुसत मुजरा केला. "सरकार, इंजिनात पाणी, तेल अन् आग अगदी शेजारी-शेजारी नांदतात. या पत्र्यानं अकरा वर्षं त्यांना एकमेकांत मिसळू दिलं नाही. आईसाहेब आणि दोन्ही राणीसाहेब एका पंगतीला बसल्या, तर सरकार मधे किती वेळ टिकतात?"

महाराजांनी बराच विचार केला.

"वरणभात वाढेपर्यंत," ते हळूच म्हणाले. "मिस्त्री, नवीन गॅस्केट मागवशील तेव्हा दोन मागव. एक जेवणघराला लागेल."