शिंदीचा निवाडा

कृतयुग सरून त्रेतायुगाची घडी नुकती बसत होती, देव अजून पृथ्वीतलावर पायी येत-जात होते आणि वृक्षांना वाचा होती, त्या काळी नर्मदेच्या दक्षिण तीरावरील घनदाट अरण्यात ऋतंभर नावाच्या मुनींचा आश्रम होता. मुनी तपोनिष्ठ, वेदवेत्ते, इंद्रियजयी; पण एकदा हट्टाला पेटले की ब्रह्मदेवाचेही ऐकायचे नाहीत. त्यांनी निराहार अनुष्ठान आरंभिले आणि संकल्प सोडला, की पौर्णिमेच्या प्रातःकाळी मधुर रसानेच पारणे करीन. तो न मिळाल्यास देह ठेवीन, परंतु अन्य काही मुखात घेणार नाही. असल्या प्रतिज्ञा करण्यापूर्वी घरात काय शिल्लक आहे हे कोणा ऋषीने पत्नीला विचारल्याचे मी तरी कुठल्या पुराणात वाचलेले नाही.

पौर्णिमा जवळ आली आणि अरण्यात वणवा पेटला. मधाची पोळी जळाली, नदीकाठचा ऊस जळाला, फळांनी लगडलेले वृक्ष कोळसा होऊन उभे राहिले. मुनिपत्नी सुमेधेच्या तोंडचे पाणी पळाले. आश्रमाच्या परसात तिनेच घागरी वाहून वाढवलेली एक शिंदी तेवढी वाचली होती. तिच्या शेंड्याखालच्या ओरखड्याला चोच लावून एक बुलबुल मनसोक्त काही पीत असलेला सुमेधेने पाहिला आणि तिच्या जिवात जीव आला. सायंकाळी ती पदर खोचून वर चढली, धारदार पात्याने खोडाला खाच पाडली, खाचेत बोरूची नळी बसवली आणि नळीखाली मडके बांधले.

प्रभाती मडके काठोकाठ भरले होते. पाण्यासारखा स्वच्छ आणि गोड रस पाहून ती हरखून गेली. मडके ओट्यावर झाकून ठेवून ती पतीच्या शुश्रूषेला लागली. मध्यान्ही पाहते तो रसाला फेस आलेला आणि आंबूस वास सुटलेला. आश्रमातल्या वृद्ध काळविटाने तो मनसोक्त प्राशन केला आणि सायंकाळपर्यंत स्वतःच्याच सावलीला शिंगे मारीत बसला. तुम्ही हसाल, सुमेधा मात्र ढसाढसा रडली. मुनींचे डोळे खोल गेले होते आणि त्यांना हाक ऐकू येईनाशी झाली होती.

त्या सायंकाळी तिने दुसरी खाच पाडली आणि पहाटे ती मडक्याजवळच दबा धरून बसली. पूर्वदिशा उजळताच साक्षात् भगवान सूर्यनारायण खाली उतरले आणि त्यांनी मडक्याकडे हात लांबवला. सुमेधेने मडके झटकन उराशी घेतले.

"सहस्ररश्मे, घरचा धनी उपाशी पडला असताना त्याच्या मडक्यात हात घालणे तुम्हाला शोभते का?"

भास्कर शांतपणे म्हणाला, "साध्वी, या वृक्षाचे पानन् पान माझ्या तेजाने पोसले आहे. मी माझा भाग घेतो. माझा स्पर्श झाला की रस मादक होतो, त्याला माझा इलाज नाही."

सुमेधेने आपल्या घागरींची आठवण दिली, त्याने आपल्या किरणांची. वाद काही मिटेना, तेव्हा दोघांनीही शिंदीलाच निवाडा करायला सांगितले.

शिंदी म्हणाली, "दिवसा मी याचे तेज प्याले, रात्री हिचे पाणी. रात्री झरेल ते हिचे, दिवसा झरेल ते याचे. पण इतका वेळ तुम्ही हक्क सांगत होतात, त्यात गळा कोणाचा चिरला हे तुमच्यापैकी एकानेही विचारले नाही. आता घाव वाळेपर्यंत मला हात लावू नका."

घाव वाळायच्या आत पौर्णिमा येऊन जाणार होती. सुमेधेपाशी उरले ते उराशी धरलेले एक मडके, आणि तेही दुपारपर्यंत नासणार. तिचा हात कमरेच्या पात्याकडे गेला. आत पतीचा श्वास घरघरत होता. पण क्षणभराने तिने ते पाते दूर भिरकावले, ओली माती कालवून शिंदीच्या घावांवर लिंपली आणि तिची क्षमा मागितली. मग तिने चूल पेटवली आणि अग्नीला म्हणाली, "बाबा, आता तूच सांभाळ."

दिवसभर ती फेस काढीत, पळी फिरवीत बसली. मडक्यातला रस आटून आटून शेवटी वाटीभर तांबूस, दाट पाक उरला. सूर्य माथ्यावरून हे सारे पाहत होता. त्याला मनातून लाज वाटली आणि त्याने वर दिला, की अग्नीतून गेलेल्या रसाला माझा स्पर्श बाधणार नाही.

पौर्णिमेच्या प्रातःकाळी तो पाक तसाच मधुर होता. तिने मुनींच्या कोरड्या ओठांवर तो थेंब थेंब सोडला. बराच वेळ काहीच झाले नाही. तिला वाटले, संपले सारे. मग त्यांचा कंठ हलला. वाटी संपल्यावर मुनींनी डोळे उघडून आणखी मागितले. आणखी नाही, असे सांगून तिने त्याचे कारणही सांगितले. मुनी ओशाळले. तिच्या खांद्यावर भार टाकून ते परसात गेले आणि शिंदीपुढे हात जोडून म्हणाले, "माते, माझ्या हट्टापायी तुला शस्त्र लागले. माझे तप खर्ची घालून हे घाव मी मिटवून टाकतो."

"नको," शिंदी म्हणाली, "राहू देत. पुढे जो कोणी वर चढेल त्याला कळायला हवे, की या बाजूने माझे देऊन झाले आहे."