मागे धरलेले हात

"बांधलेलं सोडलंस, तरी पोरीचे हात मागेच?"

कान्होबुवांनी विचारलं, पण दाजीपंत पंतोजींनी मान खाली घातली नाही. मान खाली घालणाऱ्यांतले ते नव्हतेच.

"मागेच," ते म्हणाले. "जेवतानासुद्धा. आई भरवते तेव्हा चार घास पोटात जातात."

बुवा नदीपलीकडच्या मठीत राहत. राजा येवो नाहीतर रंक, सगळ्यांना अरे-तुरे करत. ऐकताना त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता, एकेक नाम, एकेक पेर. पंतोजींना ते बघवेना. पेरांवर मोजणारा माणूस दिसला की त्यांच्या कपाळाची शीर उठायची.

पंचक्रोशीत त्यांच्या शाळेचा दरारा होता. पोरं झोपेतही पावकी-निमकी म्हणत. बोटांवर मोजताना कुणी सापडला, की त्या बोटांवर छडी बसे. "गणित डोक्यात हवं, हातात नव्हे," हे त्यांचं ब्रीद.

घरी एकुलती लेक, दुर्गी. मुलीच्या जातीला पाढे कशाला, म्हणून गाव हसलं आणि पंतोजी इरेला पेटले. पोर हुशार होती, पण अंगठा पेरांवर फिरल्याशिवाय तिची बेरीज पुढे सरकेना. रागावून झालं, मारून झालं. मग त्यांनी आपल्या उपरण्याने तिचे हात पाठीमागे बांधले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"पहिल्यांदा रडली," पंतोजी म्हणाले. "मग यायला लागलं. श्रावण सरेपर्यंत बांधावंसुद्धा लागेना. मी समोर दिसलो की आपणच हात मागे धरायची. देशमुखांच्या वाड्यातल्या चौकात, गावासमोर उभी केली, महाराज. एक उत्तर चुकली नाही! लोकांनी तोंडात बोटं घातली."

हे सांगतानाही त्यांचा आवाज चढलाच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

"मग?"

"मग... घरी आलो. मी दारात उभा होतो. ती ओट्याच्या पायरीवर अडखळली."

बुवांचा अंगठा पुढच्या पेरावर सरकला.

"माणूस पडताना हात पुढे टाकतो, महाराज. कुत्र्याचं पिल्लूसुद्धा पाय टाकतं. हिने टाकले नाहीत. तशीच पडली. तोंडावर. पायरीच्या दगडाची कड डोळ्यात गेली."

पेरांवरचा अंगठा थांबला.

"वैद्य म्हणाले, डोळा गेला. मी उचलली, तर... रडली नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, सतरा पंचे पंच्याऐंशी. तिला वाटलं, मी काहीतरी विचारलंय."

नदीकडून वारा आला.

"गावात म्हणतात, बाधा आहे," पंतोजींनी घसा खाकरला. "माझा विश्वास नाही. पण तिच्या आईसाठी अंगारा द्या. हात तेवढे पुढे येऊ देत. बाकी शिकवण्यात माझी चूक नाही. गणित तिला आलं, हे तर खरं ना?"

"काय आलं?"

"सगळं. विचाराल ते."

"सात म्हणजे काय, हे आलं?"

पंतोजींना हसू आलं. "सात म्हणजे सहा आणि एक."

"आणि सहा म्हणजे?"

"पाच आणि एक."

"पाच?"

"चार आणि एक. चार म्हणजे तीन आणि एक. तीन म्हणजे दोन आणि एक. दोन म्हणजे एक आणि एक." पंतोजी परवचा म्हणावा तसे भराभर उतरत आले.

"एक म्हणजे?"

"एक म्हणजे... एक."

"मला कळलं नाही. पोराला सांगतोस तसं सांग."

"जे दोन नाही, ते."

"दोन म्हणजे तू आत्ताच एक आणि एक सांगितलंस."

"मोजताना पहिलं येतं, ते."

"काय येतं?"

पंतोजींचा चेहरा लाल झाला. एवढा साधा प्रश्न, आणि शब्द सापडेना. आयुष्य यात गेलं होतं. समोरचा म्हातारा मुद्दाम वेड घेऊन पेडगावला निघालाय, असं त्यांना वाटलं आणि ते ओरडलेच,

"एक म्हणजे एक, महाराज! हे असं! एक!"

त्यांचा उजवा हात वर गेला होता. चार बोटं मिटलेली, तर्जनी ताठ उभी.

दोघंही त्या बोटाकडे बघत राहिले.

पंतोजींनी हात खाली घ्यायला हवा होता. त्याआधीच बुवांनी पुढे वाकून ते बोट आपल्या मुठीत धरलं. सगळी मूठ एका बोटाभोवती. तान्हं मूल धरतं तशी.

पंतोजींनी ओढून पाहिलं. सुटेना.

दुर्गी पहिल्यांदा चालली, ती हेच बोट धरून. अंगणातून तुळशीपर्यंत. मध्ये एकदा बसली होती, पण बोट सोडलं नव्हतं. तेव्हा तिला एकसुद्धा मोजता येत नव्हतं. हे सगळं त्यांना एकदम आठवलं, आणि इतके दिवस आठवलं नव्हतं याची त्यांना भीती वाटली. जन्मात कुणापुढे न रडलेला माणूस ओठ चावत बसला. पण डोळ्यांना ते कुठे ऐकायचं होतं?

"महाराज," ते कसेबसे म्हणाले, "अंगारा..."

बुवांनी मूठ उघडली.

"हे बोट घेऊन जा. तिच्या समोर उभा राहू नकोस, पाठीमागे जाऊन बस. तिच्या हातांजवळ धर आणि काही विचारू नकोस... ती धरेलच असं नाही."