साळिंदराचं कुंपण

साळिंदरंसुद्धा अब्रूला जपत, त्या काळातली गोष्ट सांगते. जन्मभर दुसऱ्यांचा भुईमूग उकरून खाल्लेल्या एका साळिंदरानं ठरवलं, आता कष्टाचं खायचं. बायकोपोरांना घेऊन त्यानं ओढ्याकाठी स्वतःचा भुईमूग पेरला.

वेल फुलले तसा तो राखणीला बसला. पण शेंग मातीखाली, भरली की नाही कळणार कसं? म्हणून तो रोज वेल उपटून बघायचा. "अजून दाणा धरला नाही," म्हणायचा आणि कोवळी शेंग खाऊन टाकायचा. अन्न वाया कसं घालवायचं?

काढणीला पोरं टोपल्या घेऊन आली, तर शेतात नुसते खड्डे. साळिंदर गरजला, "काय मेली दुनिया! घाम आमचा आणि चरणार दुसरे!"

बायकोनं खड्ड्याखड्ड्यातले काटे वेचून त्याच्यापुढे टाकले. "हे घ्या, चोर सापडला. तुमच्याच अंगावरचे आहेत. आता वर्षभर पोरांना काय घालू?"

"ते राखण करताना गळले," तो म्हणाला. "चूक एकच झाली. कुंपण कच्चं होतं."

पुढच्या वर्षी त्यानं बाभळीचं असं दाट कुंपण घातलं, की मुंगी शिरेल तर शपथ. मग राखणीसाठी स्वतः आत जाऊन बसला.