कोरकूतला एक शब्द

मेळघाटातल्या एका शाळेत सुगंती कासदेकर बाई पहिलीच्या मुलांना त्यांच्या घरच्या कोरकू बोलीतून मराठी शिकवत. तपासणीला आलेल्या उमाळेसाहेबांना ते खपलं नाही. त्यांनी उभ्याउभ्याच शेरा लिहिला, 'वर्गात कोरकू बोलायची नाही, समजावायचीही नाही.'

तेवढ्यात धुकं दाटलं आणि वर्गात अंधारून आलं. मुलं साहेबांच्या पाठीमागे टक लावून एकच शब्द पुटपुटू लागली. साहेबांच्या अंगावर काटा आला. वळून बघायचा धीर होईना.

"बाई, काय म्हणताहेत ही?"

"कोरकू समजावायची नाही ना साहेब? शेऱ्याची शाई अजून ओली आहे."

साहेबांनी घाईघाईनं शेरा खोडला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "पाहुणा उभा आहे, म्हणून 'बसा' म्हणताहेत. तुमच्या मागं खुर्ची ठेवलीय."

साहेब मटकन बसले.