गूळपाणी

"...मग ससा नको, तर काय आणू? कासव? पोपट? मांजर?"

यशवंत नेहेते मठाच्या पायरीवर उभा राहून विचारत होता. अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

शंभुगिरी बाबा अंगणात तांदूळ निवडत होते. "आधी टेक तरी," ते म्हणाले.

यशवंत टेकला नाही. गावात त्याचं भांड्यांचं मोठं दुकान. मठावरचे पत्रे त्यानेच घालून दिलेले, आणि ते आम्ही विसरू नये याची काळजीही तोच घेई.

"दोन लेकरं आहेत घरात, बाबा. लहानसा प्राणी हवा. चावणारा नको, घाण करणारा नको, ओरडणारा तर मुळीच नको. आणि जरा टिकाऊ हवा."

टिकाऊ! माझं डोकंच फिरलं. हा गृहस्थ जीव आणायला निघाला होता की बादली?

"ससा होता ना तुझ्याकडे?" बाबांनी विचारलं.

"मेला."

"कशाने?"

"उन्हाने. गच्चीवर पिंजऱ्यात कडी लावून ठेवला होता, पाणी द्यायचं राहिलं. मला वाटलं, बायकोने दिलं. तिला वाटलं, मुलांनी दिलं. मुलांना वाटलं, मी दिलं." त्याने खांदे उडवले. "होतं असं घरात. कुणा एकाचा दोष नाही."

बाबांचा सुपातला हात थांबला.

"मुलांना काय सांगितलंस?"

"पळून गेला म्हणून सांगितलं. मोठा विसरलासुद्धा. धाकटी मैथिली मात्र डोक्याला ताप. रोज गच्चीवर वाटीभर पाणी ठेवते. सशाचं नाव तिने कापशी ठेवलेलं. म्हणे, कापशी परत आली की तहानलेली असेल. जेवत नाही धड. म्हणून तर घाई आहे मला. दुसरं काही आणलं की विसरेल."

बाबांनी सूप खाली ठेवलं.

"ते बघा," यशवंतने लाकडांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. मठातली मांजरी तिथे व्याली होती. "ते पांढरं पिल्लू द्या. सशासारखंच दिसतं. पिंजरा आहेच घरी."

बाबा आता याला हाकलून देणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो.

बाबा उठले. "इथे बस," त्यांनी अंगणातला दगडी ओटा दाखवला. "विचार करून येतो."

वैशाखातली दुपार. ओट्यावर सावली म्हणून नव्हती.

आमच्या मठाची एक रीत आहे. दारात कुणीही येवो, आधी गूळपाणी, मग नाव-गाव. बाबांच्या गुरूंनी घालून दिलेली. एकदा गावकऱ्यांनी चोर पकडून आणला होता, त्यालाही आधी गूळपाणी मिळालं होतं. मनात कितीही राग असला तरी मी पेला भरला, गुळाचा खडा घेतला आणि निघालो.

उंबऱ्यात बाबांनी माझं मनगट धरलं. मान हलवली. नाही.

मग मला बाबांचाच राग आला. चोराला पाणी, आणि याला नाही? राग आला म्हणून रीत मोडायची, तर मठ कशाला म्हणायचं याला?

बाबा आत जाऊन डोळे मिटून बसले.

बाहेर यशवंतने मान पुसली. शर्टाचं वरचं बटण काढलं. थोड्या वेळाने दुसरं काढलं. पाण्याचा रांजण दारापाशीच होता, वर पेला पालथा घातलेला. फाटक सताड उघडं होतं. पण तो उठला नाही. असली माणसं पाणी मागत नाहीत, आणि स्वतः उठून घेतही नाहीत.

शेवटी तो कडाडलाच. "अहो, ही काय पद्धत झाली? मघापासून उन्हात बसलोय मी. साधं पाणी विचारलं नाही कुणी!"

बाबा बाहेर आले. "पाणी नाही दिलं तुला? मला वाटलं, मोतीगीरने दिलं."

मोतीगीर म्हणजे मी. बाबांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मला वाटलं," मी म्हणालो, "द्वारकाबाईंनी दिलं."

द्वारकाबाई आमच्याकडे स्वयंपाक करतात. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पळी हातात घेऊनच त्या तावातावाने बाहेर आल्या. "माझ्यावर कशाला ढकलता? मला वाटलं, तुम्ही दिलं!"

"होतं असं घरात," बाबा म्हणाले.

यशवंत लालबुंद झाला. "होतं असं? घशाला कोरड पडली माझ्या! डोळ्यांपुढे अंधारी आली! मठाला पत्रे घातले मी, आणि मला पेलाभर पाणी नाही? अहो, जीव जातो माणसाचा अशाने! जीव..."

तो थांबला.

लाकडांच्या ढिगात पिल्लं कुईकुई करत होती.

बाबांनी रांजणातून पेला भरला. त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. पेला त्याच्या हातात दिला.

"पी," बाबा म्हणाले. "आम्ही निदान कडी तरी लावली नव्हती."